आमचं पोर बारीकच आहे की!

मुलाच्या मानेमागं काळपट पट्टा दिसायला लागला की घरात आधी घासणं सुरू होतं. डाळीचं पीठ, लिंबाची फोड, काथ्या. मान लालबुंद होते, पोर कावतं आणि पट्टा आहे तिथंच राहतो. मग ‘आंघोळ नीट करत नाहीस’ म्हणून बोलणी बसतात. आयांनो, तो मळ नव्हे. मानेवर, काखेत, कधी बोटांच्या पेरांवर कातडी अशी जाड, काळसर आणि हाताला मखमलीसारखी लागायला लागली, तर बहुतेक वेळा मुलाच्या रक्तात गरजेपेक्षा जास्त इन्सुलिन फिरत असतं. मान घासायची थांबवा आणि पोराला एकदा डॉक्टरांकडे न्या, एवढं सांगण्यापासूनच मला सुरुवात करायची आहे.

हे नेमकं काय होतं, ते समजून घेऊ. खाल्लेल्या अन्नाची साखर रक्तात येते आणि इन्सुलिन ती स्नायूंच्या पेशींत पोचवतं. अंग हललं नाही, पोटावर चरबी साठत गेली, झोप मोडत राहिली, की पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा होतात. मग स्वादुपिंड दुप्पट-तिप्पट इन्सुलिन सोडून काम भागवतं. या काळात रक्त तपासलं तर साखर बिनचूक दिसते. घरचे निश्चिंत होतात. स्वादुपिंड मात्र वर्षानुवर्षं जादा पाळीत राबत असतं आणि एक दिवस थकतं. ज्याला आपण ‘शुगर निघाली’ म्हणतो, तो हा थकण्याचा दिवस. आजार त्याच्या कितीतरी आधी घरात येऊन बसलेला असतो. त्यात वयात येताना संप्रेरकांच्या उलथापालथीमुळं इन्सुलिनचा परिणाम आपोआपच साधारण एक तृतीयांशानं कमी होतो. निसर्गाची ही गोष्ट तात्पुरती असते आणि निरोगी मूल ती सहज निभावून नेतं. पण नेमक्या त्याच वर्षांत आपण त्याला खुर्चीत बसवून ठेवलं, तर ओझ्यावर ओझं पडतं.

यावर आपल्याकडं एक उत्तर तयार असतं. ‘आमचं पोर बारीकच आहे की! त्याला कसली शुगर?’

हे उत्तर ऐकलं की मला पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या कामाची आठवण होते. १९९३ पासून त्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांत गरोदर बाया आणि त्यांची बाळं यांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. ही बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनानं बरीच हलकी होती. हातपाय काटक्या, स्नायू कमी. पण चरबी मात्र जवळजवळ त्यांच्याइतकीच. म्हणजे आपली पोरं जन्मापासूनच वरून बारीक आणि आतून चरबीची असू शकतात. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. युडकिन यांचा शेजारी शेजारी उभं राहून काढलेला फोटो छापून आला. उंचीच्या मानानं वजनाचा जो निर्देशांक काढतात, तो दोघांचा अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनकाट्यावर उभं राहून ही गोष्ट कधीच कळली नसती. आपल्या कोवळ्या पोरांचं वजन बघून निश्चिंत होणाऱ्या प्रत्येक आईबापाला तो फोटो दाखवावा असं मला वाटतं.

केंद्र सरकारनं २०१६ ते २०१८ या काळात देशभरातल्या मुलांच्या पोषणाची मोठी पाहणी केली होती. त्यात १० ते १९ वयाच्या मुलामुलींत साधारण दहातल्या एकाची साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर होती आणि विसातल्या एकाचा रक्तदाब वाढलेला होता. जास्त वजनाची मुलंही विसात एकच होती. म्हणजे साखर चढलेली मुलं लठ्ठ मुलांपेक्षा जास्त. बाकीची कुठं होती? ती आपल्या घरातल्यासारखीच होती, बारीक, चपळ दिसणारी, फोटोत छान येणारी.

घरच्या घरी एक तपासणी करता येते. सुतळी घ्या. मुलाच्या उंचीएवढी कापा. मधोमध दुमडा आणि बेंबीच्या पातळीवर कमरेभोवती फिरवा. टोकाला टोक लागलं नाही, तर कमर उंचीच्या निम्म्याहून जास्त आहे, आणि हातपाय कितीही बारीक असले तरी पोटात चरबी साठायला लागली आहे असं समजा. वजनाच्या काट्यापेक्षा आपल्या पोरांच्या बाबतीत ही सुतळी जास्त खरं बोलते. ही तपासणी चारचौघांत मात्र करू नका. वयात आलेल्या मुलाला आणि त्याहून मुलीला शरीराची लाज फार लवकर वाटते, आणि एकदा लाज बसली की ते मूल तुमच्यापासून लपून खायला लागतं.

आता माझ्या मनातलं मुख्य बोलते. आपल्या बेळगाव-निपाणी भागात पोर आठवीपर्यंत मोकळं असतं. नववी लागली की ‘आता खेळ पुरे’ सुरू होतं. मग दहावीची एसएसएलसी, मग अकरावी-बारावी म्हणजे पीयूसीची दोन वर्षं, सीईटी, नीट. चार-पाच वर्षं आपण मुलाच्या डोक्याला कामाला लावतो आणि अंगाला सुट्टी देतो. ‘एकदा ॲडमिशन मिळू दे, मग काय खेळायचं ते खेळ,’ हे आपण प्रेमानंच म्हणतो. पण स्नायू आणि हाडं घट्ट होण्याची वर्षं हीच. भूक आणि झोपेची घडी बसण्याची वर्षं हीच. तंबाखूची पहिली पुडी तोंडात जाण्याची वर्षंही हीच. परीक्षा पुढच्या वर्षी परत देता येते. ही वर्षं परत येत नाहीत.

दहावीतल्या मुलाचा एक दिवस डोळ्यांसमोर आणा. पहाटे पाचला उठवायचं, साडेसहाची ट्यूशन. बाबा गाडीवरून सोडतात. पोटात चहा आणि खारी. तिथून शाळा, बाकावर सहा-सात तास. पीटीचा तास असतो, पण तो बहुधा गणिताकडं गेलेला असतो. संध्याकाळी परत ट्यूशन, वाटेत गाड्यावरची गोबी मंचुरी. आठला घरी, जेवण मोबाइलसमोर, मग अभ्यास, मग अभ्यासाच्या नावाखाली परत मोबाइल, आणि झोप बाराच्या पुढं. या दिवसात ते मूल चाललं किती? घरातून गाडीपर्यंत आणि गाडीपासून वर्गापर्यंत. निपाणीतून अर्जुननगरच्या देवचंद कॉलेजला जाणारं पोर रोज कर्नाटकातून महाराष्ट्रात जातं, दोन राज्यं करतं, पण त्यातली पावलं मोजायला बसलात तर बोटांवर संपतील, कारण आता त्याच्याकडं गाडी आहे.

जागतिक आरोग्य संघटनेनं या वयासाठी रोज निदान तासभर घाम येईल अशी हालचाल सांगितली आहे. जगभरात ११ ते १७ वयाच्या पाच मुलांपैकी चार मुलं तेवढंही हलत नाहीत. ते वाचून मला बेळगावचं जास्त वाईट वाटतं, कारण इथं अंगमेहनतीला कधी कमी लेखलं गेलं नाही. गल्लोगल्ली तालमी होत्या. आनंदवाडीच्या आखाड्यातल्या कुस्त्या बघायला खेड्यापाड्यातून माणसं यायची. कंग्राळी, मुतगे, येळ्ळूर या गावांत घरटी एखादा तरी लाल मातीत लोळलेला असायचा. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावातच असल्यामुळं भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावणारी पोरं आजही दिसतात. त्यांच्याकडं बघून बरं वाटतं, पण ती सतरा-अठराव्या वर्षी अचानक धावायला लागलेली असतात, आणि जी भरतीला जाणार नाहीत ती मुळीच धावत नाहीत. धावणं नोकरीपुरतं उरलं आहे. व्हॅक्सिन डेपोच्या झाडांखाली सकाळी फेऱ्या मारणारे बघा, बहुतेक पन्नाशीच्या पुढचे. शुगर निघाल्यावर डॉक्टरांनी सांगितलं म्हणून चालणारे. त्यांची नातवंडं त्या वेळी ट्यूशनला बसलेली असतात.

झोपेचं तर आपण मोजतच नाही. तेरा ते अठरा वयाच्या मुलाला आठ ते दहा तास झोप लागते. या वयात झोप आणणारं संप्रेरक उशिरा पाझरतं, त्यामुळं मूल रात्री लवकर पेंगत नाही आणि पहाटे उठत नाही. तो आळस नाही, शरीराची त्या वयातली घडण आहे. त्याच मुलाला आपण पाचला उठवतो आणि रात्री त्याच्या उशाशी मोबाइल राहू देतो. अर्धवट झोपेनं दुसऱ्या दिवशी भूक वाढते, तीही गोड-तळकटाची, आणि इन्सुलिनचं काम आणखी अवघड होतं. सहा तास झोपून पाठ केलेलं टिकतही नाही, हे शिक्षकांना ठाऊक असतं, पालकांना मात्र पहाटेच्या दिव्याचं कौतुक सोडवत नाही.

खाण्याचं बोलताना मी कुणाच्या कुंद्यावर किंवा गोकाकच्या करदंटावर उठणार नाही. सणासुदीला, पाहुण्यांबरोबर, लग्नात मांडे खाऊन कुणी आजारी पडत नाही. घात होतो तो रोजच्या बारीकसारीक खाण्यानं, जे आपण खाणं म्हणून धरतच नाही. सकाळचं बटर, खारी, टोस्ट, बेकरीतला पफ, दुपारचा क्रीमचा पुडा, संध्याकाळची मंचुरी. मार्च २०२४ मध्ये कर्नाटक सरकारनं गोबी मंचुरीतल्या कृत्रिम रंगावर बंदी घातली, तेव्हा बरेच पालक म्हणाले, आता काळजी मिटली. रंग गेला हे चांगलंच झालं. पण मैदा, दहादा तापवलेलं तेल आणि मूठभर मीठ त्या कढईत तसंच आहे. रक्तदाब मिठानं वाढतो, आणि चौदाव्या वर्षी जिभेला लागलेली खारटाची सवय चाळिशीत गोळ्या सुरू झाल्या तरी सुटत नाही.

पण सगळ्यात जास्त धास्ती मला वाटते ती वीस रुपयांच्या बाटलीची. कोलाची २५० मिलिलीटरची बाटली घ्या. त्यात साधारण २६ ग्रॅम साखर असते, पाच-सहा चमचे. दिवसभरात वरून घेतलेली साखर २५ ग्रॅमच्या आत राहिली तर चांगलं, असं जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला सांगते. म्हणजे दुपारच्या सुट्टीत तहान लागली म्हणून घेतलेल्या एका बाटलीत दिवसाचा कोटा संपला. आणि ही साखर चावून खाल्लेली नसते. पोट भरल्याची जाणीव होत नाही, जेवण तेवढंच जातं. आता कोलापेक्षा लाल-निळ्या एनर्जी ड्रिंकचं प्रस्थ आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री जागायला म्हणून मुलं ते पितात, क्रिकेटच्या मॅचनंतर पितात, बसस्टँडवर उभ्या उभ्या पितात. काही बाटल्यांत कपभर कडक कॉफीइतकं, सत्तर मिलिग्रॅमच्या आसपास कॅफिन असतं. बाटलीवर बारीक अक्षरांत छापलेलं असतं की हे मुलांसाठी नाही. कायद्यानं ते छापावं लागतं. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनंही मुलांना ही पेयं देऊच नका असं सांगितलं आहे. छातीत धडधडणं, हात थरथरणं, झोप उडणं, आणि दुसऱ्या दिवशी मरगळ घालवायला परत तीच बाटली. दुकानदाराला दोष देत बसण्यापेक्षा पुढच्या वेळी ती बाटली हातात घेऊन मुलाबरोबर ती बारीक अक्षरं वाचा. मोठ्यानं वाचा. मुलांना फसवलं गेल्याचा राग येतो, आणि तो राग उपदेशापेक्षा जास्त कामी येतो.

आपल्याकडं याला उत्तर नव्हतं असंही नाही. जोंधळ्याची भाकरी, मुगाची किंवा मटकीची उसळ, पालेभाजी, शेंगदाण्याची चटणी, ताक. या जेवणात काय कमी आहे? घरात जरा पैसा आला तशी भाकरी मागं पडली आणि चपाती-भात पुढं आला, मग भातच वाढत गेला. कर्नाटकातल्या सरकारी शाळांत २०१३ पासून क्षीरभाग्य योजनेत मुलांना दूध मिळतं, २०२४ पासून नाचणीचं माल्टही सुरू झालं. सरकार पोराला नाचणी पाजतं आणि आपण त्याला खाऊला वीस रुपये देतो. दुपारच्या डब्यात भाकरी दिली तर पोरं हसतात, अशी तक्रार आया करतात. मग चार आयांनी ठरवून द्या. वर्गातल्या चार डब्यांत भाकरी निघाली की पाचवा हसत नाही.

आता तंबाखूकडं येते. निपाणीबद्दल बोलायचं, तर मला जपून बोलायला हवं. ज्या पिकानं घरं उभी केली, पोरींची लग्नं केली, पोरं शिकवली, त्याला नावं ठेवणं सोपं नाही. वखारीत तंबाखू चाळून, कुटून, धुळीत खोकत दिवस काढलेल्या बायांच्या कष्टावर या गावाची बाजारपेठ उभी आहे. १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी शेतकरी पुणे-बंगळूर महामार्गावर ठिय्या देऊन बसले, पोलिसांचा गोळीबार झाला आणि शेतकरी मारले गेले. ज्या घरात ही आठवण आहे, तिथं तंबाखूबद्दल बोलताना आवाज खाली येतो. म्हणून मी पिकाबद्दल बोलत नाही. मी पोराच्या तोंडाबद्दल बोलते आहे.

तंबाखू ज्या घरात ढिगानं असते, तिथं तिची भीती नसते. आजी तव्यावर मिसरी भाजते, तिचा धूर घरभर फिरतो, आणि नात दात घासायला तीच मिसरी बोटावर घेते. दाढ दुखली की ‘जरा मिसरी लाव’ म्हणून घरचंच कुणीतरी सांगतं. जेवण झालं की बाबा चुना मळतात आणि ‘जा रे, कोपऱ्यावरनं पुडी घेऊन ये,’ म्हणून बारा वर्षांच्या पोराला पिटाळतात. पोर पुडी आणतं, हाताळतं, वास घेतं. पुढचं पाऊल किती लांब राहिलं? २०१९ मध्ये देशभरातल्या १३ ते १५ वयाच्या शाळकरी मुलांची पाहणी झाली, त्यात साडेआठ टक्के मुलं तंबाखू वापरत होती. कर्नाटकाचा आकडा देशात जवळजवळ सगळ्यात कमी होता, १.२ टक्के. पण ती संपूर्ण राज्याची सरासरी झाली, आणि तंबाखूच्या वखारीशेजारच्या गल्लीला राज्याच्या सरासरीवर विसंबता येत नाही. त्या पाहणीतली दुसरी गोष्ट जास्त बोचते. चघळायची तंबाखू वापरलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक मुलांनी ती पहिल्यांदा चाखली, तेव्हा त्यांना दहावं वर्षही पुरं झालेलं नव्हतं. दहाव्या वर्षाआधीच्या मुलाला तंबाखू बाजारात नाही, बहुतेक वेळा घरात किंवा घरासमोर मिळते.

हल्ली पोरं थेट तंबाखूवर येत नाहीत. आधी गोड, वासाची सुपारी येते, मग मावा, मग पानमसाला आणि त्यात मिसळायची वेगळी पुडी. महाराष्ट्रानं २०१२ मध्ये आणि कर्नाटकानं २०१३ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, पण दोन पुड्या वेगवेगळ्या विकल्या आणि तोंडात एक केल्या तर बंदी कुणाला अडवणार? हद्दीवरच्या गावांत तर या पुड्यांची ये-जा रोजची. सुपारी निरुपद्रवी आहे असं समजणाऱ्यांसाठी सांगते, तंबाखू न घालता नुसती सुपारी खाल्ली तरी कॅन्सर होऊ शकतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं २००४ मध्येच जाहीर केलं आहे. सुपारीनं गालाच्या आतलं अस्तर ताठरतं, पांढुरकं पडतं आणि तोंड उघडेनासं होतं. पोराला म्हणावं, आपल्याच हाताची तीन बोटं उभी धरून तोंडात घाल बघू. जात नसतील, तिखट खाल्ल्यावर तोंड भाजत असेल, तर दातांच्या डॉक्टरांकडं न्यायला आठवडाभरही थांबू नका. ताठरलेलं अस्तर पूर्ववत होणं अवघड असतं, पण त्या वेळी सुपारी सुटली तर पुढचं संकट टळू शकतं.

तंबाखू म्हणजे तोंडाचा कॅन्सर, एवढंच आपल्या डोक्यात बसलं आहे. पण निकोटीन रक्तवाहिन्या आवळतं, रक्तदाब वाढवतं, इन्सुलिनचा परिणामही कमी करतं. म्हणजे पुडी आणि वीस रुपयांची बाटली एकाच आजाराला दोन बाजूंनी हात लावतात. वाढत्या वयातला मेंदू निकोटीनला मोठ्या माणसापेक्षा लवकर बांधला जातो, म्हणून ‘कधीतरी मित्रांबरोबर’ म्हणणारं पोर महिन्याभरात रोजवर येतं. शेतात ओलं पान तोडायला पोरांना नेऊ नका, हेही जाता जाता सांगते. ओल्या पानातलं निकोटीन कातडीतून अंगात जातं, मळमळ, चक्कर, उलट्या होतात, आणि आपण म्हणतो ऊन लागलं.

कर्नाटकात २०२५ पासून २१ वर्षांखालच्या कुणालाही तंबाखू विकणं गुन्हा आहे. बाबांनो, म्हणजे तुम्ही पोराला पुडीसाठी पाठवता तेव्हा दुकानदाराला कायदा मोडायला लावता आणि पोराला तो मोडताना उभं करता. तुमची सवय वीस वर्षांची असेल, ती आजच्या आज सुटावी असा माझा आग्रह नाही. पोराला पाठवणं मात्र आज थांबू शकतं. आणि सोडायची इच्छा असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी मदतीचा फोन फुकट आहे. तो पोरासमोर लावा. बाप एखादी गोष्ट सोडायला धडपडतो आहे, तिच्याशी झगडतो आहे, हे बघितलेलं पोर पहिली पुडी हातात घेताना थबकतं.

मुलींचं वेगळं सांगायला हवं, कारण त्यांचं अंग आपण मुलांच्याही आधी थांबवतो. पाळी आली की खो-खो बंद, सायकल बंद, ‘आता मोठी झालीस’. घरातली कामं असतात, पण त्यानं घाम यावा असं फार थोडं आता उरलं आहे, मिक्सर आणि वॉशिंग मशीन आलं आणि ते यायलाच हवं होतं. मग पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने येत नाही, हनुवटीवर केस दिसतात, मुरुम जात नाहीत, मान काळी पडते. पाळी सुरू झाल्यावरची पहिली वर्ष-दोन वर्षं ती मागंपुढं होते, ते चालतं. त्यानंतरही तसंच राहिलं तर ते ‘लग्नानंतर बरं होईल’ म्हणून सोडायचं नसतं. या तक्रारींची मुळं बहुतेक वेळा त्याच वाढलेल्या इन्सुलिनपाशी जातात, आणि त्यावर क्रीम चालत नाही, खेळ चालतो. मुलगी खो-खोच्या टीममध्ये असेल आणि ती नववीत गेली म्हणून तुम्ही तिला काढायचं ठरवलं असेल, तर कृपा करा, काढू नका.

तपासणीचं थोडक्यात. ज्या घरात आई, बाबा, आजी-आजोबा यांपैकी कुणाला शुगर किंवा बीपी आहे, ज्या मुलाची मान काळी आहे किंवा सुतळीची टोकं जुळत नाहीत, त्याची साखर आणि रक्तदाब वर्षातून एकदा बघावा. तेराव्या वर्षापुढं मुलाचा रक्तदाब १२० बाय ८० च्या आत हवा, १३० बाय ८० किंवा त्याहून वर सारखा सारखा निघाला तर तो आजार म्हणून धरतात. केंद्राच्या बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक २०१३ पासून सरकारी शाळांत येऊन मुलं तपासतं, त्या दिवशी पोराला घरी ठेवू नका. किशोरवयीन मुलांसाठी सरकारी दवाखान्यांत वेगळी सोय असते, कर्नाटकात तिला ‘स्नेह’ क्लिनिक म्हणतात आणि हद्दीपलीकडं महाराष्ट्रात ‘मैत्री’. पाटी कन्नडमध्ये असली म्हणून बुजू नका, तिथं वजन-उंची-बीपी बघतात, पाळीचं, तंबाखूचं, मनातलं सगळं विचारता येतं. गावातल्या आशाताईंना विचारलं तर वार आणि वेळ त्या सांगतील. बेळगावात जिल्हा रुग्णालय आहे, केएलईचं मोठं रुग्णालय आहे. इथं दवाखान्यांची कमतरता नाही, चौदा वर्षांच्या मुलाला तिथं न्यायला हवं असं वाटण्याची कमतरता आहे.

घरात एकट्या मुलासाठी वेगळं पथ्य लावू नका. बहिणीच्या ताटात गुलाबजाम आणि भावाच्या ताटात काकडी, असं झालं की तो गुलाबजाम बाहेर जाऊन खातो. सगळ्यांचं ताट एकच असू द्या. कोल्ड्रिंक फ्रिजमध्ये कुणासाठीच नको, पाहुण्यांसाठी कोकम किंवा ताक चालतं. रात्री दहाला सगळ्यांचे मोबाइल एका जागी चार्जिंगला लागू द्या, तुमचेही. तुमचा हातात आणि पोराचा कपाटात, हे चार दिवस चालतं. आणि दोन किलोमीटरच्या आतल्या ट्यूशनला गाडीनं सोडणं बंद करा. सायकल द्या. पावसात भिजेल, उशीर होईल, एक दिवस पडेलही. पण रोजची अर्ध्या तासाची हालचाल तिथंच होऊन जाते, त्यासाठी वेगळी वेळ काढावी लागत नाही.

पुढच्या पालकसभेला जाल तेव्हा मार्कांचं बोलणं झाल्यावर विचारा, की वेळापत्रकातला पीटीचा तास खरोखर पटांगणावर होतो की दुसऱ्या विषयाला जातो. लाजू नका, तो तास तुमच्या मुलाच्या हक्काचा आहे. ट्यूशनच्या सरांकडंही जा. त्यांना सांगा, संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा आमची पोरं येणार नाहीत, त्या वेळी ती खेळणार आहेत, तुम्ही बॅच सातची करा. एकट्यानं सांगितलं तर ‘मग तुमचं पोर मागं पडेल’ असं उत्तर मिळेल. गल्लीतले आठ-दहा पालक मिळून गेलात तर बॅच सातची होते.